टँकर, टकळी आणि एक खोडलेलं पान

माळा आवरायला घेतला की अर्ध्या दिवसाचं काम चार दिवस चालतं, हे काही मी नव्याने सांगायला नको. गेल्या महिन्यात ताईची नात आठ दिवसांसाठी माझ्याकडे घोडबंदर रोडला आली होती, तेव्हा तिच्या तरुण गुडघ्यांचा फायदा घेऊन मी तिला माळ्यावर चढवलं. जुने मासिकांचे गठ्ठे, फुटका पाट, दिवाळीचा आकाशकंदील असं एकेक खाली येत होतं. मग एक खाकी कव्हरची दोनशे पानी वही आली. ती वही घेऊन पोरगी वरच बसली आणि काही केल्या खाली उतरेना. "आजी, हे एवढं मोठं पान कोणी खोडलंय गं? लाल पेनने?"

मी खोडलंय. तेच सांगायला आज बसले आहे. पण मध्ये बरंच मागे जावं लागणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

वही 2005 सालची. मी तेव्हा ठाण्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद नावाचा एक उपक्रम असतो, हे शिक्षक असलेल्या वाचकांना माहीत असेल. 1993 मध्ये तो देशपातळीवर सुरू झाला. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनी लहान गट करायचा, आपल्याच गावातला, गल्लीतला एक प्रश्न शोधायचा, मोजमाप करायचं, लोकांशी बोलायचं आणि उत्तर काढायचं. प्रयोगशाळा नको, महागडी उपकरणं नकोत. दर दोन वर्षांनी विषय बदलतो. 2004-05 ला पाणी होतं, मग जैवविविधता, पुढे जमीन, ऊर्जा, हवामान. महाराष्ट्रात या कामाचं समन्वयन आमच्या ठाण्याच्याच जिज्ञासा ट्रस्टने, म्हणजे सुरेंद्र दिघे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, वर्षानुवर्षं केलं. ठाणेकर म्हणून मला त्याचा उगाचच अभिमान वाटतो (माझा त्यात काडीचाही वाटा नाही).

तर पाण्याचा विषय, आणि आम्ही राहणार घोडबंदर रोडला! प्रश्न शोधायला लांब जायची गरजच नव्हती. पाच मुलं होती, सगळी आठवीतली, त्यातली तीन आमच्याच सोसायटीतली. मी गटाची मार्गदर्शक.

पण हा 'प्रश्नातून शिकणं' प्रकार आला कुठून, हे मला त्या वेळी धड माहीत नव्हतं. मला वाटायचं, बाहेरून आलेलं काहीतरी नवं आहे. बाहेरून आलेलं आहेही म्हणा. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने 1969 मध्ये वैद्यकीय शिक्षण सुरू केलं ते उलट्या टोकाने: आधी शरीरशास्त्राची पाठांतरं आणि मग रोगी असं नाही, तर पहिल्यापासूनच रोग्याची गोष्ट समोर ठेवायची आणि त्याला काय झालंय ते शोधता शोधता शरीरशास्त्र शिकायचं. तिथून ती पद्धत जगभर गेली.

आपल्याकडे मात्र असाच एक उलटा विचार त्याच्या बत्तीस वर्षं आधी वर्ध्याला मांडला गेला होता. ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने तिथे शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासक्रमासाठी समिती नेमली गेली. तीच नई तालीम. मुलांच्या हातात पुस्तकाआधी एक उद्योग द्यायचा, आणि त्या उद्योगाच्या अनुषंगाने भाषा, गणित, भूगोल, इतिहास सगळं यायचं. डी.एड. केलेल्यांना 'समवाय' हा शब्द आठवत असेल, तो हाच. सूत कातायचं तर कापूस कुठल्या जमिनीत येतो, पाऊस किती लागतो, वारभर कापडाला किती सूत लागतं, आणि हिंदुस्थानातला कापूस मँचेस्टरला जाऊन कापड होऊन का परत येत होता, हे सगळं टकळीच्या एका धाग्याला बांधलेलं. सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम् यांनी हे प्रत्यक्ष चालवलं. तिथे भाजीपाला पिकवणं अभ्यासात होतं, तशी संडास सफाई आणि तिच्यापासून खत करणंही अभ्यासातच होतं. 'शाश्वत विकास' हा शब्द ब्रुंटलँड आयोगाच्या 1987 च्या अहवालानंतर जगाच्या तोंडी बसला. सेवाग्रामच्या मुलांनी त्याच्या पन्नास वर्षं आधी त्यातला सगळ्यात अवघड धडा हाताने केला होता.

मग हे टिकलं का नाही? पुस्तकात त्याची बरीच कारणं दिलेली असतात. सरकारी अनास्था, मध्यमवर्गाला इंग्रजीची ओढ, मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा या अपेक्षेवरचा आक्षेप (अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी तो परिषदेतच घेतला होता). मला मात्र सगळ्यात पटलेलं कारण आमच्या बाबांचं आहे. बाबा पन्नासच्या दशकात मूलोद्योग शाळेत शिकले. 'जीवन शिक्षण मंदिर' अशी पाटी त्यांच्या शाळेवर होती, अजूनही काही जिल्हा परिषद शाळांवर तशी पाटी दिसते. त्यांना टकळीचा तास असायचा. मी एकदा मोठ्या भक्तिभावाने विचारलं, "बाबा, तुम्ही टकळीतून काय काय शिकलात?" बाबा म्हणाले, "टकळी फिरवायला."

कापूस गुरुजी बाजारातून आणत. सूत जाडंभरडं निघे, ते एका पेटीत पडे, आणि पेटी पुढच्या वर्षी उंदीर कुरतडत. पाऊस, जमीन, मँचेस्टर यांतलं काही आलंच नाही, कारण गुरुजींना तसं कोणी शिकवलंच नव्हतं. प्रश्न होता तो वेळापत्रकातला पस्तीस मिनिटांचा तास झाला. पुढे कोठारी आयोगाने (1964-66) त्याला कार्यानुभव केलं आणि आमच्या पिढीने खडू आणि मेणबत्त्या केल्या. माझ्या मेणबत्तीची वात शेवटपर्यंत मधोमध आली नाही, ते असो.

सगळीकडे असंच झालं असं मात्र नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला आणि मग कोसबाडला गेल्या. आदिवासी मुलं गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत हे कळल्यावर त्यांनी मुलांना बोलावणं सोडून शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा! शब्द किती सुंदर आहे बघा. आणि 1983 मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळला गेले आणि त्यांनी विज्ञान आश्रम काढला. दुष्काळी गाव. तिथली मुलं आठवड्यातला एक दिवस हाताने काम करत: वर्कशॉप, शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य. जमिनीचा विद्युतरोध मोजून विहिरीसाठी पाणी शोधायचं तंत्रही तिथे शिकवलं गेलं. मला त्यातलं आवडलं ते हे, की मुलांचं काम गावाला उपयोगी पडलं पाहिजे आणि गावाने त्याचे पैसे मोजले पाहिजेत, असा कलबागांचा आग्रह होता. पाणी लागलं नाही तर शेतकरी येऊन विचारणारच की. गुणपत्रिकेपेक्षा ही परीक्षा कडक.

आता परत आमच्या वहीकडे.

जून 2005. पहिलं काम अगदी साधं. प्रत्येक घराने सात दिवस बादल्या मोजायच्या. अंघोळीच्या, धुण्याच्या, भांड्यांच्या आणि फ्लशच्या. सहा मजली इमारत, 48 घरं, 210 माणसं. हिशेब निघाला माणशी 140 लिटर. शहरासाठी सरकारी मापदंड 135 लिटरचा, म्हणजे आम्ही फार उधळे नव्हतो. मुलांची जरा निराशाच झाली. त्यांना 'लोक पाणी वाया घालवतात' असं सापडायला हवं होतं, कारण पोस्टरवर ते छान दिसतं. एक गळका नळ सापडला, त्याखाली रात्रभर बादली ठेवली तर ती अर्धी भरली. चला, निदान एवढं तरी.

मग दुसरा प्रश्न आपोआप उभा राहिला. नळाला एवढं पाणी येत नाही, उरलेलं टँकरचं. टँकर कुठून येतो? मी म्हटलं, हे आपल्या विषयात नाही. दुसऱ्या दिवशी एक मुलगा सायकलवरून टँकरमागे गेला (घरी न सांगता, आणि मलाही न सांगता, घोडबंदर रोडच्या ट्रकांमधून! त्याच्या आईची बोलणी मी खाल्ली) आणि गायमुखच्या अलीकडच्या एका गावठाणातली विहीर पाहून आला. पाठोपाठ आम्ही सगळे रिक्षाने गेलो. विहिरीशेजारच्या घरातल्या आजींनी सांगितलं, पूर्वी मे महिन्यातही कासऱ्याचे दोन वेढे सोडले की बादली बुडायची. आता विहिरीत पंप होता आणि दारात टँकरची रांग.

आणि नळाचं पाणी कुठून? ठाण्याला पाणी येतं ते भातसा आणि उल्हास नद्यांचं. भातसा धरण शहापूर तालुक्यात. मुलं नकाशावर रेघ ओढत बसली होती तेव्हा आमचे वॉचमनकाका डोकावले. ते शहापूरकडचेच. म्हणाले, "आमच्या गावाला पण उन्हाळ्यात टँकरच येतो." मुलांना वाटलं, काका थट्टा करतायत. धरणाच्या तालुक्यात टँकर? काका थट्टा करत नव्हते. शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातात ही बातमी आजही दर मे महिन्यात पेपरात असते. मी इतकी वर्षं ती वाचत होते आणि पान उलटत होते.

मग 26 जुलै उजाडला. त्या दिवसाचं वर्णन मी करत नाही, प्रत्येकाकडे आपापलं आहे. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस. आमच्या पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी, आणि मीटररूमचं काम होईपर्यंत पंप बंद म्हणून नळाला तीन दिवस थेंब नाही. चौथ्या दिवशी पाचही जणं माझ्या दारात. "बाई, आपला प्रश्नच चुकलाय."

खरंच चुकला होता. आम्ही 'पाणी कमी का पडतं' विचारत होतो, आता 'पाणी जातं कुठे' हेही विचारायला हवं होतं. येऊरच्या डोंगरावरून उतरणारे ओढे हा रस्ता ओलांडून उत्तरेला खाडीला मिळतात. मुलं आमच्या मागच्या नाल्याच्या कडेने वरपर्यंत चालत गेली आणि कुठे तो पाइपात कोंबलाय, कुठे भराव टाकलाय, याचा नकाशा त्यांनी काढला. त्याच आजींकडे परत गेली. आजींनी सांगितलं, इथे सगळी भातखाचरं होती आणि बांधाबांधाला पाणी थांबायचं. हे मुलांनी वहीत लिहिलंय त्यांच्याच शब्दांत: 'शेत म्हणजे उथळ टाकी.' मी वीस वर्षं जलचक्र शिकवलं, मला हे वाक्य कधी सुचलं नव्हतं.

शेवटचा टप्पा म्हणजे उपाय. उपाय काय असणार, हे मला आधीपासूनच ठाऊक होतं: पर्जन्यजल संधारण. त्या वर्षी जो तो तेच म्हणत होता. मी मुलांना गच्ची मोजायला सांगितलं. 400 चौरस मीटर भरली. वर्षाचा पाऊस सुमारे अडीच मीटर. गुणाकार हजार घनमीटर, म्हणजे 10 लाख लिटर! मुलांनी उड्या मारल्या. वाफ, गळती, पहिल्या पावसाचं मळकं पाणी याचा पाचवा भाग वजा करून 8 लाख लिटर. मग गटप्रमुख मुलीने शांतपणे पुढचा भागाकार केला. 210 माणसं गुणिले 140, म्हणजे रोजचे 29 हजार 400 लिटर. आठ लाखांना त्याने भागलं.

27 दिवस.

अख्ख्या वर्षाचा अख्खा पाऊस अडवला तरी 27 दिवस. तोही साठवायला आठ लाख लिटरची टाकी हवी, ती कुठे बांधणार? जमिनीत मुरवलं तर विहिरीला फायदा, पण विहीर त्या गावठाणाची. पोरं बराच वेळ गप्प बसली. मग त्यांनी निष्कर्षाचं पान लिहिलं. त्यात साधारण असं होतं: पावसाचं पाणी साठवल्याने मदत होईल, पण प्रश्न सुटणार नाही. जितक्या वेगाने इमारती वाढतात तितक्या वेगाने पाण्याची लाइन वाढत नाही. म्हणून आधी पाणी किती आहे ते सांगावं आणि मग इमारतीला परवानगी द्यावी.

ते पान मी खोडलं. "हा विज्ञानाचा विषय नाही, हे राजकारण झालं. असं लिहिलं तर परीक्षकांना आवडणार नाही," असं म्हटल्याचं मला लख्ख आठवतंय. खरी गोष्ट अशी की सोसायटीच्या कमिटीत माझे यजमान होते, बिल्डरकडून अजून बरीच कामं करून घ्यायची होती, आणि शाळेला बक्षीस हवं होतं. मी नवा निष्कर्ष सांगितला: 'पर्जन्यजल संधारण हाच उपाय.' मुलांनी तो सुवाच्य अक्षरात लिहिला.

जिल्ह्याच्या सादरीकरणात परीक्षकबाईंनी तिला एकच प्रश्न विचारला. "हे साठवलेलं पाणी किती दिवस पुरेल?" तिने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. ती म्हणाली, "सत्तावीस दिवस. पण ते आम्ही लिहिलेलं नाही."

आमचा प्रकल्प पुढे गेला नाही. परतीच्या रिक्षात कोणी काही बोललं नाही.

मला तेव्हा स्वतःचा राग यायला हवा होता, पण मला तिचा आला. पुढे मी त्या मुलांना बालविज्ञान परिषदेला घेतलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

या मधल्या काळात पर्यावरण शिक्षणाचं काय झालं, तेही सांगून टाकते. 1991 मध्ये वकील एम. सी. मेहतांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करावा असा निकाल दिला (त्याच निकालात सिनेमागृहांनी पर्यावरणाच्या स्लाइड्स फुकट दाखवाव्यात असंही होतं). राज्यं ढिम्म हलली नाहीत तेव्हा जुलै 2004 मध्ये न्यायालयाने एनसीईआरटीचा नमुना अभ्यासक्रम मान्य करून पुन्हा बजावलं. मग आपल्याकडे अकरावी-बारावीला 50 गुणांचा पर्यावरण प्रकल्प आला. आणि थोड्याच दिवसांत स्टेशनरीच्या दुकानात तयार प्रकल्प टांगलेले दिसू लागले! 'सोलापूर परिसरातील जलप्रदूषण' ठाण्यातली मुलं हौसेने उतरवून काढत होती. बाबांची टकळी पुन्हा फिरायला लागली, एवढंच. आणि मी कोणाला हसू? त्या दुकानदाराने लिहिलं असतं तेच वाक्य मी माझ्या मुलांना सांगितलं होतं.

न्यायालयाच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण सक्ती आली की उत्तर आधी ठरतं आणि प्रश्न मागाहून शोधला जातो, असा माझा मास्तरकीतला अनुभव आहे. आमच्या त्या चार महिन्यांत प्रश्न तीनदा बदलला, आणि तीनही वेळा तो मुलांनी बदलला, मी नाही. मी फक्त चौथ्या वेळी बदलला.

2017 सालची एक सकाळ. घोडबंदर रोडच्या पाणीटंचाईवर जनहित याचिका झाली होती, आणि मुंबई उच्च न्यायालयाने या भागातल्या नव्या बांधकामांना काही काळ चाप लावला. आधी पाणी दाखवा, मग इमारती. पेपर हातात धरून मी किती वेळ उभी होते कोण जाणे. यजमान म्हणाले, "काय झालं? कोण गेलं?"

वही मी त्याच दिवशी शोधली होती, पण सापडली नाही. ती आत्ता सापडली.

ताईच्या नातीला हे सगळं सांगितलं. ती नववीत आहे, तिला जलसुरक्षा नावाचा विषय आहे. वाटलं होतं, आता आजीबद्दल काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "140 लिटर तेव्हाचे. आता वॉशिंग मशीन आहे, आरओ आहे. परत मोजायला पाहिजे." आणि बादली शोधायला गेली.

आमच्या त्या गटप्रमुख मुलीला मी वही सापडल्याचं कळवलं आहे. ती आता पुण्याला असते. तिचं उत्तर अजून आलेलं नाही.

ताई, तुझी नात आठ दिवसांची तीन आठवडे राहिली त्याचं कारण हे. तिने सगळ्या घरांत कागद वाटले, त्यातले एकतीस परत आले. परवा तिने सोसायटीच्या ऑफिसात जाऊन गेल्या वर्षभराच्या टँकरच्या पावत्या मागितल्या. सेक्रेटरींनी 'बघतो' म्हटलंय. ती रोज संध्याकाळी सहा वाजता जाऊन विचारून येते.